मागल्यांचा डोह

गौराला कुणी विचारलं, "मासं कठं गावलं गं?" की तिचं उत्तर ठरलेलं, "खाली." पोशेरा गावाच्या अंगाला, डोंगराच्या पोटावर बसलेल्या त्या पाड्यावरून बघितलं तर रस्ता तेवढा वर आहे, बाकी सगळं जग खालीच. खाचरं खाली, नदी खाली, बाजार खाली, दवाखाना खाली आणि सरकार तर पार खाली. तेव्हा "खाली" म्हटल्यावर विचारणाऱ्याच्या हाती काही लागायचं नाही आणि गौराला खोटं बोलल्याचं पापही लागायचं नाही. वर ती दात काढून हसायची, म्हणजे विषय संपला.

हे काही तिचं एकटीचं वागणं नव्हतं. सगळा पाडाच त्या जागेबद्दल परक्यासमोर मिठाची गुळणी धरून बसायचा. आपसात मात्र तिला नाव होतं, मागल्यांचा डोह. दिवाळीनंतर भात-नागली घरात आली की पाड्यातली धडधाकट माणसं गाडीत बसून भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात. शिमग्याला चार दिवस येतात, परत जातात, आणि पाऊस तोंडावर आला की शेतीसाठी घर गाठतात. या मधल्या दिवसांत जी मागे राहतात, म्हणजे म्हातारी, पांगळी, दिवस भरत आलेली बाई, ओली बाळंतीण, त्यांचा हा डोह. माघ सरला की नदीची धार तुटते, तिची डबकी होतात, डबकीही आटतात, पण हा डोह आटत नाही. त्यात मरळ, वाम, शिंगाळा, आणि तळाला मोठमोठ्या खवल्यांचे खडस. जो गाडीत बसला त्याने त्यात गळ टाकायचा नाही, शिमग्याला घरी आला तरी नाही. जाळं तर कुणीच टाकायचं नाही. आणि जे मिळेल त्यातला पहिला वाटा, ज्याला डोहापर्यंत उतरता येत नाही त्याचा. पहाऱ्याला कुणी बसत नव्हतं. तरी हे आजवर मोडलं नव्हतं, कारण आज गाडीत बसणाऱ्यालाही ठाऊक होतं की एक दिवस आपण मागे राहणार आहोत.

गौरा गेली कित्येक वर्षं मागे राहणाऱ्यांतली. तरुणपणी तिनेही नवऱ्याबरोबर, जिवाबरोबर, काही हंगाम विटा थापल्या होत्या. मग एका वर्षी रचलेल्या विटांची भिंत जिवाच्या थोरल्या भावावर, बुधावर, कोसळली आणि त्याचे पाय गेले ते गेलेच. बुधाची बायको आधीच वारलेली, मूलबाळ नाही. त्याच्याजवळ राहणार कोण? "मी राहते," गौरा म्हणाली आणि राहिली. पुढे जिवा तापाने गेला, मुलगा चंदू मोठा होऊन भट्टीवर जाऊ लागला, लग्न करून त्याने सपनाला घरात आणलं. गौरा मात्र दर वर्षी, गाडी वळणाआड गेली की पदर खोचायची आणि गळ घेऊन नदीवर उतरायची.

तोंडाने ती फटकळ. बुधा तिचा थोरला दीर, म्हणून त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर कधी ढळू द्यायची नाही, पण त्या पदराखालून जे बोलायची ते ऐकून शेजारची म्हातारी मंगळी तोंड दाबून हसायची. बुधाही काही कमी नव्हता. उंबऱ्याशी बसून तो पहिला वाटा खायचा आणि दर वेळी खोड काढायचा.

"गौरा, मीठ इसरलीस."

"घातलंय, दादा."

"मग यो मासा म्हातारा असंल माझ्यावाणी. चवच नाय."

"तुमी उतरा खाली नि तरणा बघून आणा."

बुधा बोटं चाटत हसायचा आणि वर आणखी वाढून घ्यायचा. रेशनचा तांदूळ यायचा, नाही असं नाही, पण नुसत्या भाताने माणूस जगतो एवढंच. बुधा मासा खाऊन नुसता जगत नव्हता, तोऱ्यात जगत होता. पायांनी गेलेला, कुणाच्या कामी न येणारा माणूस, पण ताट पुढे आलं की जमीनदारासारखा बसायचा. तो वाटा त्याला कुणी दयेने घातलेला नव्हता, तो त्याचाच होता. गौराला हे कळत होतं. म्हणूनच त्याने खोड काढली नाही तर तिला चुकल्या-चुकल्यासारखं व्हायचं.

त्या वर्षी सपनाला पहिल्यांदा दिवस गेले होते, म्हणून तीही मागे राहिली. पाड्याची आणखी एक रीत होती. मोसमातला पहिला मोठा मासा मीठ लावून चुलीवर धुरवायचा आणि भट्टीकडे जाणाऱ्या कुणाच्याही हाती धाडायचा. तो तिकडे पोहोचला की घरच्यांनी ओळखायचं, मागची माणसं खाऊनपिऊन आहेत, घोर नको. पण त्या वर्षी सगळे एकाच गाडीने गेले होते, मागून जाणारं कुणी नव्हतं. चंदूचा जीव इकडे टांगलेला. सपना दुपारी फोन घेऊन वर रस्त्याच्या वळणावर जायची, कारण रेंज काय ती तिथेच, आणि चंदू रोज तेच ते विचारायचा. खातेस ना? आय खाली जाते ना? खोल पाण्याच्या अंगाला तर जात नाय?

"आय, मासा धाडता नाय येत तर मासा दाखवू," सपना म्हणाली. "मी फोन धरते. तुमी बोला."

गौराला हे पटलं. त्या दिवशी सपना जपून जपून पायवाट उतरली आणि गौराच्या नशिबाने गळाला खडस लागला. चांगला हातभर, सोनेरी अंगाचा, ओढून ओढून तिचा दम काढणारा. तिने तो छातीशी धरला, मुलाशी बोलायचं म्हणून कपाळावरचा घाम पुसला आणि फोनकडे बघून बोलू लागली.

"चंद्या, बघ रे, येवढा हाय. तुझी बायको खाते, तुझा मोठा बाबा खातो नि वर मीठ कमी म्हणतो. आन् मी खोल अंगाला नाय गेले. बघ, यो चपटा खडक. रस्त्याच्या वळणावर उंबर हाय ना, तठनं पायवाट उतरते, फुटक्या बांधाच्या खालती, तठंच हाय मी. पाणी गुडघ्याइतकंच हाय. तू घोर नको करू."

जन्मभर "खाली" यापलीकडे ज्या बाईच्या तोंडातून अक्षर निघालं नव्हतं, तिने उंबरापासून खडकापर्यंतची सगळी वाट बोलून दाखवली. का नाही दाखवणार? ती पोटच्या पोराशी बोलत होती. तिच्या लेखी फोन म्हणजे धुरवलेला मासाच, या हातातून निघाला की त्या हातात पोहोचायचा. मधे तो कुणी उघडून बघत नाही.

सपनाने वळणावर चढून व्हिडिओ धाडला, तिकडे चंदूने तो पाहिला आणि त्याचे डोळे भरून आले. मग त्याने तो भट्टीवरच्या सगळ्यांना दाखवला. त्यांत धनेश होता, खोडाळ्याचा, विटांचा टेम्पो चालवणारा. धनेश गावाकडचं खाणंपिणं, डोंगर, धबधबे असले व्हिडिओ टाकायचा आणि त्याला बघणारे पुष्कळ होते.

"तुझी आय काय बोलते रे! टाकू?"

"टाक," चंदू म्हणाला.

चंदूला डोहाची रीत ठाऊक नव्हती असं नाही. पण रीत होती परक्याला न सांगण्याची, आणि धनेश कुठे परका होता? खोडाळा म्हणजे बाजाराचं गाव, आईचं माहेर त्याच अंगाचं. समोर उभा असलेला माणूस तेवढा त्याने बघितला. त्या माणसाच्या हातातल्या फोनमागे कोण कोण उभं आहे, ते बघायची सवय आपल्याकडे अजून कुणाला आहे?

आठवड्याभरात गौरा प्रसिद्ध झाली. सपना वळणावरून यायची ती धापा टाकत, हसत. "आय, लोकं तुम्हाला आजी म्हणतात. एक बाई लिहिते, अशी सासू पायजे." गौरा आधी लाजली, मग खुलली. खरं सांगायचं तर तिला फार बरं वाटलं. साठीला टेकलेल्या या बाईकडे मुलाखेरीज कुणी कधी बघितलं नव्हतं, तिचं बोलणं कुणी दोनदा ऐकलं नव्हतं. "परत वाच," ती म्हणायची. बुधा उंबऱ्यातून टोमणा मारायचा, "आता मासं कोण आणील? आमची गौरा शिनेमात गेली." गौरा पदराखालून फणकारायची आणि मनातून सुखावायची. तेवढे दिवस तिचे सुखाचे गेले, आणि तेही तिच्या वाट्याला यायला नको होते, असं म्हणवत नाही.

खूप जणांनी जागा विचारली, म्हणून धनेशने ती नकाशावर लावून दिली. त्याच्या मनात खोट नव्हती. आपल्या तालुक्याचं नाव होतंय, लोक येतील, चार पैसे सुटतील, असं त्याला वाटलं.

पहिले आले ते नाशिकचे दोघे. एक तरुण, एक पिकल्या केसांचा. हातात लांब काठ्या, त्यांना चाकं. डोहाशी येऊन त्यांनी बूट काढले, गौराला नमस्कार केला. मोठ्याने गळ टाकला, खडस ओढला, ओल्या हाताने धरून त्याचा फोटो काढला आणि पुन्हा पाण्यात सोडून दिला. गौरा बघतच राहिली.

"सोडलात?"

"आम्ही सोडतोच, आजी. धरायचा आणि सोडायचा."

"मग धरता कशाला? त्याच्या तोंडाला इजा करायला?"

तरुण हसला. पिकल्या केसांचा मात्र ओशाळला. सपनाने दिलेला काळा चहा पिता पिता तो म्हणाला, "आजी, रागावू नका, पण ही जागा तुम्ही सांगायला नको होती. आमच्यात नियम आहे, चांगलं पाणी सापडलं की जागा कधी टाकायची नाही. मी फोटो टाकतो, पण मागचा डोंगरसुद्धा पुसून टाकतो."

"मग तुमी कसं आलात?"

चहाचा पेला खाली ठेवत तो म्हणाला, "तुमचा व्हिडिओ बघून." मग उठता उठता, "मुलाला सांगा, तो काढून टाकायला. आम्ही बरे वागलो म्हणून पुढचेही तसेच वागतील असं समजू नका. आम्ही फक्त पहिले आलो."

आपण मुलाशी बोललो ते या माणसाने ऐकलंय, हे गौराला तेव्हा पहिल्यांदा लख्ख कळलं. तिने सपनाला त्याच पावली वळणावर पिटाळलं. चंदूने धनेशला सांगितलं, धनेशने बिचाऱ्याने कटकट न करता व्हिडिओ काढूनही टाकला. पण तोवर तो आणखी कुणीकुणी उचलून आपापल्या नावावर लावला होता, आणि खाली कुणीतरी वाटेची खूण लिहिली होती. उंबर, पायवाट, फुटका बांध. गौराचेच शब्द.

मग गाड्या येऊ लागल्या. आधी रविवारी, मग वाटेल त्या दिवशी. ठाण्याच्या, विरारच्या, सिल्वासाच्या. काहींच्या हाती काठ्या होत्या, काहींच्या पिशव्यांत जाळी होती. चपट्या खडकावर चुली पेटल्या, बाटल्या फुटल्या. डोहाच्या काठाला वाळूत खणलेल्या झिऱ्यातून पाडा पाणी प्यायचा, त्या झिऱ्यात कुणी हात-पाय धुतले. गौरा रोज जाऊन बसू लागली. एकदा जाळं टाकायला निघालेल्या पोरांसमोर ती आडवी उभी राहिली.

"जाळं नका टाकू. हा मागल्यांचा डोह हाय. मागं राहतात त्यांचा. घरी पांगळा माणूस हाय, पोटुशी सून हाय."

पोरं थबकली. त्यांतल्या एकाने तिच्याकडे निरखून बघितलं आणि तो ओरडला, "अरे, ही तर तीच! व्हिडिओवाली आजी!" सगळे धावत आले. कुणी तिच्या खांद्यावर हात टाकला, कुणी पाया पडलं. "आजी, एकदा म्हणा ना, पाणी गुडघ्याइतकंच हाय!" प्रत्येकाला तिच्याबरोबर फोटो हवा होता. वाईट पोरं नव्हती ती, तिच्या हातात बिस्किटांचा पुडाही कोंबला त्यांनी. आणि ती फोटोत उभी असताना तिच्या पाठीमागे दोघांनी जाळं पसरलं. ती बोंबलत होती, ते हसत होते, आणि ते हसणं प्रेमाचं होतं, हे सगळ्यांत वाईट. शिवी दिली असती तर तिलाही दगड उचलता आला असता.

त्या दिवशी तिने बुधापुढे बोटाएवढे मळवे मासे ठेवले. बुधाने ताटाकडे बघितलं. "मीठ जास्त झालंय," तो म्हणाला, पण त्यात जोर नव्हता.

शिमग्याला भट्टीवरची माणसं घरी आली. चंदू आला तो बायकोला बघून हरखला, मग एकटाच डोह बघून आला. सणाच्या गडबडीत, चार माणसं बसलेली असताना, त्याने स्वतःलाच धीर दिल्यासारखं म्हटलं, "आय, नदी काय आपल्या बापाची हाय? लोकं येतात तर येऊ दे. आपण चहा-भाकर इकू. धनेश म्हणतो, पोरांना इथंच काम गावंल. भट्टीवर जायाला नको."

"मासं संपल्यावर कशाला येतील रे ती?"

चंदूच्या आधी बोलला तो पांड्या. पांड्या शेजारच्या पाड्याचा, दगडखाणीवर कामाला. तो तान्हा असताना त्याची आई माहेरी या पाड्यावर येऊन याच डोहाच्या माशांवर बाळंतपणातून उठली होती. "मावशे, तू येकटी कुणाकुणाला आडवशील?" तो म्हणाला. "बाहेरची लोकं पिशव्या भरून नेतात नि आपण रीत धरून बसायचं? पावसापावतर काय उरणार हाय तठं? जाणारच हाय तर निदान आपल्या पोरांच्या पोटात जाऊ दे."

कुणीही त्याला गप्प केलं नाही. पूर्वी असं बोलणाऱ्याचं म्हाताऱ्यांनी तिथल्या तिथे थोबाड फोडलं असतं. गौराने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. जो तो होळीच्या लाकडांकडे बघत होता. पांड्याचं बोलणं त्यांना पटलं होतं, आणि खोटं कशाला बोला, थोडंसं गौरालाही.

धुळवडीच्या दिवशी दुपारी नदीकडून धाडकन आवाज आला. डोंगर हलल्यासारखा झाला, सपनाने पोट धरलं. गौरा उतरत गेली ती पडत-झडत. पांड्याने खाणीवरून आणलेला सुरुंगाचा बार डोहात टाकला होता. पाणी गढूळ होऊन उसळत होतं आणि त्यावर मासे उताणे तरंगत होते. मरळ, वाम, शिंगाळे, बोटभर पिल्लं, नखाएवढी पिल्लं, आणि मधे जुने, काळपट पाठीचे दोन-तीन खडस, चंदूच्या जन्माआधीपासून तिथे असलेले असतील. पाड्यातली माणसं टोपल्या घेऊन पाण्यात शिरली होती. जी गाडीत बसून गेली होती तीच माणसं. चंदू काठावर उभा होता. त्याने पाण्यात पाय घातला नाही, पण कुणाला अडवलंही नाही.

"आय," तो म्हणाला, "तू बोलली नसतीस तर..." आणि तिथेच थांबला. कारण पुढचं वाक्य त्याच्या स्वतःवरच येत होतं.

गौराने त्याच्याकडे बघितलं नाही. ती चपट्या खडकावर बसली आणि तिने मोठ्याने गळा काढला, घरातलं माणूस गेल्यावर काढतात तसा. टोपल्या भरणाऱ्या बाया क्षणभर थांबल्या. मग पुन्हा वेचू लागल्या.

टोपल्यांत मावलं तेवढं लोकांनी नेलं. उरलेलं तळाशी बसलं आणि चार दिवसांत कुजलं. झिऱ्याच्या पाण्याला वास येऊ लागला. एरवी शिमग्यानंतर माणसं परत जायची आणि मागले मागे राहायचे. त्या वर्षी कुणाला मागे ठेवणार आणि कशावर? सपनाला आठवा सरत आला होता. मंगळीला तिच्या मुलाने गाडीत बसवलं. चंदूने बुधाला पाठीवर घेतलं आणि वळणापर्यंत आणलं. बुधाला गाडीत ठेवताना गौराने त्याच्या अंगावर घोंगडी घातली. तो पाड्याकडे बघत होता. घरांतून कुठेही धूर येत नव्हता.

भट्टीवर प्लॅस्टिकच्या छपराची खोप होती, वाकून आत शिरावं लागे. सपना सरकारी दवाखान्यात बाळंत झाली, मुलगी झाली, दोघी सुखरूप. गौरा पुन्हा चिखलात बसली. हात विसरले नव्हते, पण गुडघे विसरले होते. संध्याकाळी तिला कुणीतरी हात धरून उठवावं लागे. बुधाला खोपीच्या सावलीत बसवलं होतं. तान्ह्या पोरीच्या अंगावरच्या माशा वारणं एवढंच त्याला काम, आणि ते तो मन लावून करायचा.

गौराने भट्टीवर आल्याच्या पहिल्याच दिवशी भात-डाळ रांधली, कुठून तरी सुकटही आणली, आणि नेहमीसारखं आधी त्याच्यापुढे ताट ठेवलं. बुधा खाऊ लागला. ती वाट बघत राहिली.

"मीठ?" तिनेच विचारलं शेवटी.

"बेस हाय," बुधा म्हणाला.

इतक्या वर्षांत त्याने कधी जेवणाला बरं म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशीही बेस होतं, तिसऱ्या दिवशीही. मग तो अर्ध्यावर हात आवरू लागला. मग भूक नाय म्हणू लागला. गौरा चिडली, ओरडली, पदराखालून नाही नाही ते बोलली. तो हसला नाही. एके दिवशी त्याने ताट उचललं आणि सपनापुढे सरकवलं.

"तू खा. तुझ्या अंगावर पोर हाय. तू चिखलात हात घालतेस."

"दादा," गौरा म्हणाली, "पयला वाटा तुमचा हाय."

"कसला वाटा, गौरा? डोहाचा वाटा होता तो. हे तर तुमच्या हाडांचं हाय. ते मी कसं खाऊ?"

तेव्हा गौराचा बांध फुटला. डोक्यावरचा पदर घसरला, तिने तो सावरला नाही. "मीच सांगितलं, दादा. माझ्याच तोंडानं. उंबर सांगितला, बांध सांगितला. मीच घालवला तुमचा घास."

"तू पोराला सांगितलंस," बुधा म्हणाला. "पोराला कोण नाय सांगत?" त्याने पोरीच्या कपाळावरची माशी उडवली. तो तिच्यावर रागावला नव्हता. पण त्याने ताट काही परत घेतलं नाही.

बुधा वैशाख सरता सरता गेला. ताप नव्हता, खोकला नव्हता. दवाखान्यात विचारलं तेव्हा चंदूने सांगितलं, म्हातारा झाला होता. गौरा तिथेच उभी होती, तिने मान खाली घातली. परक्या गावच्या खाडीकाठी त्याला जाळला, मुकादमाने तेवढ्यापुरतं काम थांबवू दिलं, आणि दुपारी सगळे पुन्हा चिखलाशी बसले.

पावसाळ्यात ती पाड्यावर आली. नांगरणी, लावणी, सगळं झालं, पण ती नदीकडे उतरली नाही. पुराच्या पाण्याबरोबर काही बारीक मासे पुन्हा डोहात आले, असं मंगळी म्हणाली. गौराने ऐकून घेतलं. खडस वाढायला किती वर्षं लागतात हे दोघींना ठाऊक होतं, आणि डोहाला मासे येतील, पण त्याची रीत कुठून येणार, हेही.

दिवाळीनंतर गाडी आली तेव्हा गौराचे गुडघे सुजून भोपळ्यासारखे झाले होते. वळणापर्यंत चढणंही तिला होईना. चंदूने बोचकी गाडीत टाकली, परत खाली आला आणि तिच्यासमोर उकिडवा बसला.

"आय, तुझ्याच्यानं काम नाय व्हायचं या वर्षी. तू राहतेस का मागं?"

गौराने त्याच्याकडे बघितलं. आजवर ती दुसऱ्यांसाठी मागे राहिली होती. आता तिचीच पाळी आली होती.

"मागं राहू नि खाऊ काय रे, चंद्या?"

चंदूने पाठ वळवली. गौराने त्याच्या गळ्यात हात टाकले आणि तो तिला घेऊन चढण चढू लागला.